धाकटा ओढा कुठे गेला?

"ओढा गेला कुठे?" बर्डी पुलाच्या कठड्यावरून अर्धी खाली वाकली. "काल तर इथेच होता की!"

"नीट धर, नाहीतर तूही जाशील," हार्लन म्हणाला. पण तोही तितकाच वाकला होता.

लिओटा कठड्याला टेकून खाली बघत होती. पुलाखाली नुसते ओले गोटे, त्यांवर चिकटलेली पिवळी पानं आणि मधूनमधून डबकी. नोव्हेंबरची सुट्टी लागल्यापासून पाऊस एकसारखा कोसळत होता. आत्ताही तिच्या टोपीवरून पाणी ठिबकत होतं. गावची मोठी नदी दुथडी भरून वाहत होती. आणि तिला मिळणारा हा धाकटा ओढा, ज्याचा आवाज एरवी थेट शाळेपर्यंत यायचा, तो भर पावसात आटला होता. एवढी शांतता तिने तिथे कधी ऐकली नव्हती.

"ताई, ती बघ," तिचा सहा वर्षांचा भाऊ एमेट कठड्याच्या फटीतून बोट दाखवत म्हणाला.

एका डबक्यात सॅमन माशाची एक लालबुंद मादी अडकली होती. तिची पाठ पाण्याबाहेर आली होती. शेपटीची कड झिजून पांढरी पडली होती, म्हणजे तिने शेपटीने गोट्यांखाली घरटं खणून अंडी घातली होती. ती अंडी गोट्यांमधून वाहणाऱ्या पाण्यावरच जगतात. पाणी गेलं की संपलं. रात्री थंडी पडली तर सकाळपर्यंत एकही अंडं राहणार नाही, हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल.

आणि ही अंडी साधीसुधी नव्हती. फार वर्षांपूर्वी गावकऱ्यांनीच या ओढ्यात पडलेली झाडं ओढून बाहेर काढली होती. माशांची वाट मोकळी होईल, असं तेव्हा सगळ्यांना वाटलं होतं. लिओटाचे बाबाही तरुणपणी त्या कामावर होते. पण अडवायला काही उरलं नाही तेव्हा पाणी घसरगुंडीसारखं धावायला लागलं, बारीक गोटे वाहून गेले आणि मासे यायचे बंद झाले. मग त्याच माणसांनी तसेच ओंडके परत आणून टाकले, काठाला झाडं लावली. पुलाजवळची रोपं तर लिओटाच्या वर्गानेच लावली होती. वर्षानुवर्षं वाट पाहिल्यावर या साली मासे आले होते.

म्हणून तर आज गावजेवण होतं. जेवण झालं की माशाची हाडं मानाने पाण्यात परत सोडायची, म्हणजे मासा पुन्हा येतो, अशी गावची रीत. ती सोडायचा मान एका लहान मुलाला मिळे. आजवर हाडं मोठ्या नदीत सोडत. या वर्षी पहिल्यांदाच धाकट्या ओढ्यात सोडायची होती, आणि मान एमेटला मिळाला होता. बिचारा आठवडाभर ताटात चमचे घेऊन घरभर चालायचा सराव करत होता.

"मग मी हाडं कुठे सोडू?" एमेटने विचारलं. लिओटाने त्याचा हात धरला आणि चौघं सभाघराकडे धावली.

सभाघराच्या आवारात धुराचा मस्त वास सुटला होता. काठ्यांना टोचलेले मासे विस्तवाभोवती भाजत होते आणि लिओटाचे बाबा, व्हर्जिल, एका पायावर भार टाकून काठ्या फिरवत होते. दुसरा पाय ताठ होता. क्लिफर्डमामा, म्हणजे हार्लनचे वडील, चारचौघांत हसतखिदळत उभा होता. ओढे दुरुस्त करणाऱ्या गावच्या टोळीचा तो मुकादम. त्यामुळे पाण्यातलं त्याच्याइतकं कुणाला कळत नाही, असं त्याचं स्वतःचं ठाम मत होतं.

तिघांनी धापा टाकत सगळं सांगितलं. मामाने ऐकून घेतलं आणि लिओटाची टोपी तिच्या डोळ्यांवर ओढली. वर डोंगरात बर्फ पडतोय, पाणी वरच गोठतंय, त्यात एवढं घाबरायचं काय, असं त्याचं म्हणणं पडलं. मोठ्या माणसांचं हे एक बरं असतं, कारण नेहमी खिशात तयार असतं!

"उलट बरंच झालं," तो म्हणाला. "आपण सगळे पात्रातूनच वर चालत जाऊ. जुन्या रस्त्याखालच्या डोहात थोडं पाणी असेलच. तिथे सोडू हाडं. पोरांचे पाय कोरडे राहतील."

"पण मामा, डोंगरात बर्फ, तर मग मोठ्या नदीला पूर कसा?" लिओटाने विचारलं.

"ती मोठी आहे म्हणून," मामा म्हणाला. सगळे हसले.

तेवढ्यात कुणीतरी ट्रक मागे घेताना लांबलचक हॉर्न दिला आणि लिओटाच्या आईच्या हातातली परात खणकन खाली पडली. हसणं थांबलं. आई खाली बसून सांडलेले बटाटे गोळा करायला लागली. तिची बोटं थरथरत होती. लिओटाने तिकडे पाहायचं टाळलं.

आईचं हे नेहमीचं झालं होतं. दोन वर्षांपूर्वी जंगलात तोडलेली झाडं ओढायच्या कामावर बाबांच्या अंगावर ओंडका आला, तेव्हा तिथला धोक्याचा भोंगा वाजला होता. लांब, मग जरा थांबून पुन्हा लांब, पुन्हा लांब. माणूस पडलाय, हातातलं टाका आणि धावत या, एवढाच त्याचा अर्थ. तो ऐकून गाव धावलं म्हणून बाबा वाचले. पण तेव्हापासून आईला कुठलाच हॉर्न सहन होत नसे. आणि तो इशारा गंमत म्हणून तोंडाने काढणाऱ्या पोराला तर या गावात हमखास थोबाडीत बसे.

लिओटा बाबांजवळ गेली. बाबांनी हातातली काठी विस्तवाशेजारी रोवली.

"पाऊस पडतोय आणि ओढा आटतोय," ते हळू आवाजात म्हणाले. "हे मलाही पटत नाही. तुम्ही तिघं वर जाऊन बघून या. पण काठाकाठाने. पात्रात पाय ठेवायचा नाही, काही झालं तरी. तुम्ही येईपर्यंत मी क्लिफर्डला थांबवतो."

काठाची वाट म्हणजे नुसता चिखल आणि काटे. धुकं इतकं उतरलं होतं, की देवदारांचे शेंडे दिसत नव्हते. सुरुवातीला बर्डीची टकळी चालू होती. ओढा अस्वलाने पिऊन टाकला असेल, मग ते अस्वल केवढं असेल, असं काहीबाही. मग खरोखरच चिखलात अस्वलाच्या पंजाचा ताजा ठसा दिसला आणि तिची टकळी आपोआप बंद पडली.

पण लिओटाला अस्वलाची भीती नव्हती. खाली दिसणाऱ्या कोरड्या पात्राची भीती वाटत होती. सगळीकडून पाणी येत होतं, पायाखालून, झाडांवरून, दगडांतून. मग ते सगळं जातंय कुठे? कुठेतरी साचत असेलच ना? हा विचार तिने बोलून दाखवला नाही. बोलला की खरा होईल, असं तिला वाटलं.

डोह मागे पडला आणि समोर जुना रस्ता आला. ओंडक्यांच्या गाड्यांसाठी कधीकाळी ओढ्यावर आडवा मातीचा उंच भराव घालून तो केला होता. भरावाच्या पोटातून पाणी जायला लोखंडी नळ्याची मोरी होती. तिच्या तोंडातून आता करंगळीएवढी धार पडत होती.

"मोरी तुंबली," हार्लन म्हणाला. "एवढंच ना! मी उगाच घाबरलो."

ते भरावावर चढले, आणि तिघांचे पाय जागच्या जागी थिजले.

पलीकडे तळं होतं. तपकिरी, गार, पार झाडांत शिरलेलं. देवदारांचे बुंधे पाण्यात बुडाले होते. पाणी रस्त्याच्या कडेपर्यंत चढलं होतं, अजून हातभर चढलं की रस्त्यावरून वाहिलं असतं. आणि ते हलत नव्हतं. नुसतं उभं होतं.

"आई गं," बर्डी पुटपुटली.

लिओटाने खाली पाहिलं. रस्त्यात एक लांब भेग पडली होती. ती बघत असतानाच भेगेपलीकडची वीतभर माती हळूच खाली बसली आणि चिखलाचा एक लगदा ओढ्याच्या बाजूला घसरत गेला. तिने झटकन पाय मागे घेतला.

मोरीच्या तळ्याकडच्या तोंडाशी, पाण्याच्या वर, काही लोखंडी दांड्यांची टोकं दिसत होती. दांड्यांना बारीक भोकांची जाळी ताणलेली होती आणि जाळीवर मेपलच्या पानांचा जाड थर बसला होता. गादीच जणू. पाण्याचा थेंब जायला जागा नव्हती.

हार्लनचा चेहरा पांढराफटक पडला. "ती आमची जाळी आहे," तो म्हणाला. "बाबांनी लावली. ऑगस्टमध्ये. दांड्या मीच धरल्या होत्या."

मग त्याने जे अडखळत सांगितलं ते असं. ही मोरी अरुंद, मासे हिच्यातून वर जाऊ शकत नाहीत, म्हणून ती काढून पूल बांधायचा होता. खोदताना एकही मासा यंत्राखाली सापडू नये म्हणून टोळीने आधी जाळी लावली. पण काम रेंगाळलं, आणि मासे यायच्या दिवसांत पात्रात काम करायला बंदी! बंदीचा पहिला दिवस उजाडला तसे सगळे माशांना त्रास नको म्हणून घाईघाईने घरी गेले. खोदायचं यंत्रही रस्त्यावर तसंच उभं राहिलं. जाळी मात्र राहिली. माशांच्या काळजीने लावलेली जाळीच आता माशांच्या जिवावर उठली होती.

"आपण काढू," हार्लन म्हणाला. त्याने वाकून एक दांडी पकडलीसुद्धा. "एकदा पानं सुटली की झालं. ओढा वाहील, अंडी वाचतील. आणि कुणाला कळणार नाही. लिओटा, प्लीज. बाबांचं नाव जाईल गं."

लिओटाही वाकली. अंडी वाचतील. नुसतं ओढायचं. तिचा हात दांडीला लागला, आणि त्याच क्षणी धुक्यातून आवाज आला.

ढम. ढम. ढम.

ढोल! गावचा ढोल, आणि तो खालून, डोहाच्या बाजूने येत होता.

"जेवणं उरकून, आपली वाट न बघताच निघाले," बर्डी कुजबुजली. "ते पात्रात आहेत. सगळे."

सगळे. आई, ताठ पायाचे बाबा, म्हाताऱ्याकोताऱ्या, कडेवरची पोरं. आणि सर्वांत पुढे, हाडांचं ताट घेऊन, पावलं सांभाळत चालणारा एमेट. लिओटाने हार्लनचा हात हिसकून दांडीवरून काढला. जाळी आत्ता सुटली तर हे सगळं पाणी मोरीतून थेट त्यांच्या अंगावर जाणार होतं. आणि नाही सुटली तर भराव खचणार होता. मग तर पाण्याबरोबर अख्खा रस्ताच खाली गेला असता.

ते जिवाच्या आकांताने ओरडले. धुक्याने हाका गिळून टाकल्या. ढोल वाजतच राहिला. काठाकाठाने धावत जायला फार वेळ लागला असता, आणि पायाखालची माती पुन्हा एकदा बसली.

"यंत्राचा हॉर्न," हार्लन एकदम म्हणाला. "किल्ली सीटमागे खिळ्याला असते. बाबा नेहमी तिथेच विसरतात."

यंत्र भरावाच्या मधोमध, भेगेला लागून उभं होतं. तिघांचं वजन तिथे नको, हे न बोलताच सगळ्यांना कळलं. हार्लन पुढे झाला, पण लिओटाने त्याला मागे ओढलं. "मी जाते. मी हलकी आहे," ती म्हणाली. खरं कारण वेगळं होतं. नुसता हॉर्न वाजवून काय होणार? पोरं वर खेळतायत असं समजून खालचे हात हलवतील. ढोल थांबेल असा एकच इशारा होता. आणि तो ऐकून आईचं काय होईल, हे तिच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं.

ती भेगेच्या कडेने एकेक पाऊल टाकत गेली. पायाखाली जमीन पिठासारखी लागत होती. केबिनमध्ये चढताना यंत्र जरासं कलल्यासारखं वाटलं आणि तिने डोळे गच्च मिटले. किल्ली खिळ्यावर होती. ती फिरवली. हॉर्नचं बटण दाबलं.

टक्.

बॅटरी उतरली होती. तिने पुन्हा दाबलं. टक्. तिला रडू फुटलं. "वाज ना रे," ती यंत्राला म्हणाली, "वाज ना." तिसऱ्यांदा कुठूनतरी एक घोगरा आवाज निघाला, मग तो मोठा झाला, आणि सगळं रान दणाणलं.

लांब. मग थांबून पुन्हा लांब. तिच्या डोळ्यांपुढे एकच दृश्य होतं, हातातलं सगळं टाकून धावणारी आई. माफ कर, आई. पुन्हा लांब. माफ कर.

ढोल थांबला.

आता खालून कल्ला ऐकू येत होता. बायका नावं घेऊन हाका मारत होत्या, पोरं रडत होती. या गावाची एक शिस्त होती. भोंगा झाला की पोरं आणि म्हातारी माणसं आधी उंच जागी न्यायची, आणि ज्यांचे पाय धड आहेत त्यांनी आवाजाकडे धावायचं. पण सगळे निघाले का? एमेट निघाला का? लिओटा बटण दाबत राहिली. आवाज क्षीण होत होत शेवटी बंद पडला. ती खाली उतरली तेव्हा भेगेत तिचा हात मावला असता. उडी मारून ती पलीकडे गेली आणि बर्डीच्या गळ्यात पडली.

काठाच्या वाटेने सगळ्यांत आधी कोण आलं? गावातले दांडगे बाप्ये नव्हेत. आई आली. केस सुटलेले, गुडघे चिखलाने माखलेले, एका पायात बूट नाही. तिने लिओटाला पाहिलं, तिचे खांदे, हात, पाय चाचपले.

"एमेट कुठाय?" लिओटा ओरडली. "आई, एमेट?"

"काठावर. बाबांपाशी. सगळे काठावर आहेत." आईला धाप लागली होती. "कोण पडलं? कुणाला लागलं?"

लिओटाने बोट दाखवलं. आईने तळं पाहिलं. मागोमाग पोहोचलेल्या क्लिफर्डमामाने ते पाहिलं, जाळीची टोकं पाहिली, आणि त्याचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. जखमी माणसासाठी आणलेलं कांबळं त्याच्या हातातून गळून पडलं.

त्याच वेळी पाण्याखाली काहीतरी कडकन मोडलं. एक दांडी वाकली, दुसरी उपटली गेली, पानांची गादी आत ओढली गेली आणि पाण्याला भोवरा पडला. मग रस्त्याखालून असा आवाज आला, की सगळे मागे सरले. मोरीच्या दुसऱ्या तोंडातून पाण्याचा लोट उसळला आणि डोहाकडे झेपावला. धुक्यातूनही त्यांना दिसलं. आजीबाईंसाठी पात्रात अंथरलेल्या चटया, पाहुण्यांचं बाक आणि घाईत टाकलेला ढोल, सगळं त्याने क्षणात उचललं. काठावरून एक मोठी किंकाळी उठली, पण ती भीतीची होती, बुडणाऱ्याची नव्हती.

पाणी मोरीतून जाईल तेवढंच जात होतं, त्यामुळे भराव टिकला. तळं हळूहळू उतरायला लागलं. बाप्यांनी सगळ्यांना रस्त्यावरून खाली आणलं आणि मग क्लिफर्डमामा सर्वांसमोर उभा राहिला. एरवी त्याचा आवाज गावभर जायचा, आज पुढच्या माणसालाही नीट ऐकू येत नव्हतं.

"जाळी माझी," तो म्हणाला. "मला वाटलं दुसऱ्या कुणीतरी काढली असेल. बघायला आलो नाही. आज या पोरांनी सांगितलं, तर हसलो. व्हर्जिल थांब म्हणत होता, तर पोरं गारठतील म्हणून निघालो." हार्लन जाऊन त्याच्या शेजारी उभा राहिला. दांड्या मी धरल्या होत्या, एवढंच तो म्हणाला. मामाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो तसाच राहू दिला.

लिओटाच्या मनात मात्र वेगळंच खुपत होतं. बाबा काठी टेकत आले तशी ती रडवेली होऊन म्हणाली, "बाबा, मी भोंगा खोटा वाजवला. कुणीच पडलं नव्हतं."

बाबांनी आईकडे पाहिलं. लिओटाचा हात अजून आईच्या हातात होता आणि आईचा हात थरथरत होता.

"माझ्या वेळी तो मी पडल्यावर वाजला," बाबा म्हणाले. "तू आम्ही पडायच्या आधी वाजवलास. खोटा कसा?"

आईने मान डोलावली आणि लिओटाला जवळ ओढलं. गावच्या सर्वांत म्हाताऱ्या आजींनी तिघांना पुढे बोलावलं, तिघांच्या खांद्यांवर एकच मोठं कांबळं पांघरलं आणि ही पोरं धाकट्या ओढ्याची राखण करणारी आहेत, असं सगळ्यांना ऐकवलं. या गावात याहून मोठा मान नाही. बर्डीने कुजबुजत विचारलं, की आता जेवायला मिळेल का, आणि तेव्हा कुठे लोक पुन्हा हसले.

संध्याकाळच्या आत ओढा शहाण्यासारखा वाहायला लागला. पुलाखालचं डबकं पाण्यात मिसळून गेलं होतं आणि ती लाल मादी आपल्या घरट्याच्या वरच्या बाजूला, प्रवाहाला तोंड करून उभी होती. सगळं गाव काठावर थांबलं. क्लिफर्डमामा बूट काढून बर्फासारख्या पाण्यात उतरला आणि त्याने एमेटला घट्ट धरलं.

एवढ्या पळापळीत एमेटने ताट सोडलं नव्हतं. काठ चढताना बाबांनी त्याला उचललं, तेव्हाही त्याने ते छातीशी धरलं होतं.

"आता सोडू?" त्याने लिओटाला विचारलं.

"सोड."

हाडं पाण्यात गेली, क्षणभर पांढरी चमकली आणि प्रवाहाबरोबर निघाली. तेवढ्यात पुलावरून एक ट्रक हॉर्न देत गेला. लिओटाने दचकून आईकडे पाहिलं. आई ओढ्याकडे बघत होती, आणि लिओटाच्या हातातला तिचा हात थरथरला नाही.